ईएआरच्या लिबमधल्या क्लासमध्ये ईजेबी जारचं बीन इंजेक्ट होत नाही (वेल्ड-००१४०८)

प्रश्न

वाइल्डफ्लाय २७ (जावा ॲप्लिकेशन सर्व्हर), जकार्ता ईई १०. ईएआरची (जार आणि वॉर एकत्र बांधलेल्या ॲप्लिकेशन फाइलची) रचना अशी: लिब/कोअर.जारमध्ये पेमेंटगेटवे हा इंटरफेस आणि @ॲप्लिकेशनस्कोप्ड ऑर्डरप्रोसेसर, पेमेंट-ईजेबी.जारमध्ये @स्टेटलेस कार्डगेटवे (ईजेबी, म्हणजे सर्व्हर सांभाळतो तो बिझनेस कोडचा घटक), जो तो इंटरफेस इम्प्लिमेंट करतो, आणि वेब.वॉर (वेबचा भाग). ऑर्डरप्रोसेसरमध्ये @इंजेक्ट पेमेंटगेटवे लिहिलंय, म्हणजे ते बीन (सर्व्हर बनवून देतो तो ऑब्जेक्ट) आपोआप मिळावं. डिप्लॉय करताना वेल्ड-००१४०८ 'अनसॅटिस्फाइड डिपेंडन्सीज' (जुळणारं बीन सापडलं नाही) हा एरर येतो. दोन्ही जारमध्ये बीन्स.एक्सएमएल आहे, डिस्कव्हरी मोड 'ऑल' (सगळे क्लास बीन म्हणून तपासा). ईएआर-सबडिप्लॉयमेंट्स-आयसोलेटेड (ईएआरमधले भाग एकमेकांपासून वेगळे ठेवायचं सेटिंग) 'फॉल्स' केलं, तरी फरक नाही. बीन स्कॅन होतंय हे लॉगमध्ये दिसतं, मग सापडत का नाही?

उत्तर १

स्कॅन होणं वेगळं आणि दिसणं वेगळं. सीडीआय (इंजेक्शन करणारी यंत्रणा; वाइल्डफ्लायमध्ये वेल्ड) बीन शोधतं ते इंजेक्शन पॉइंट (@इंजेक्ट लिहिलेली जागा) ज्या मॉड्यूलमध्ये आहे त्याच्या नजरेतून. कॉल वॉरमधून आला की आणखी कुठून, याने काही बदलत नाही.

वाइल्डफ्लायमध्ये ईएआरचं सगळं लिब मिळून एक पालक मॉड्यूल बनतं; प्रत्येक ईजेबी जार आणि प्रत्येक वॉर हे त्याखालचं स्वतंत्र मॉड्यूल. खालच्यांना लिब दिसतं, लिबला खालचं काहीच दिसत नाही. तुम्ही बदललेला फ्लॅग फक्त भावंडांपुरता आहे: 'फॉल्स' असताना वॉरला ईजेबी जार दिसतात आणि ईजेबी जारना एकमेकांचे क्लास दिसतात. वॉर मात्र एकमेकांपासून कायम वेगळेच राहतात. शिवाय 'फॉल्स' हा डिफॉल्टच आहे.

सरळ उपाय म्हणजे ऑर्डरप्रोसेसर पेमेंट-ईजेबी.जारमध्ये हलवा आणि लिबमध्ये फक्त इंटरफेस व डीटीओ (नुसता डेटा वाहणारे क्लास) ठेवा. ते जमत नसेल तर कार्डगेटवे लिबमध्ये आणा, पण @स्टेटलेस काढून @ॲप्लिकेशनस्कोप्ड आणि @ट्रान्झॅक्शनल लावा, कारण लिबमधले जार ईजेबी मॉड्यूल म्हणून वाचले जात नाहीत. स्कोप बदलला की एकच ऑब्जेक्ट सगळ्या थ्रेडना मिळतो, तेव्हा त्यात स्टेट असलेली फील्ड्स राहिलीत का ते आधी तपासा.

इन्स्टन्स<पेमेंटगेटवे> (बीन प्रत्यक्ष मागेपर्यंत शोध लांबवणारा प्रकार) लावून पळवाट काढू नका. डिप्लॉय होईल, पण तोच एरर गेट() च्या वेळी, चालू सिस्टिमवर येईल.

उत्तर २

लिबमधला कोड हलवणं अशक्यच असेल तर जेएनडीआय लुकअप (सर्व्हरमध्ये नावाने शोध) चालतो: जावा:ॲप/पेमेंट-ईजेबी/कार्डगेटवे. इंटरफेस लिबमध्येच आहे, त्यामुळे कास्ट नीट होतो. हे नाव चालू कंपोनंटच्या संदर्भात उघडतं, म्हणून हाताने सुरू केलेल्या थ्रेडमध्ये नेमनॉटफाउंडएक्सेप्शन मिळेल. तिथे मॅनेज्डएक्झिक्युटरसर्व्हिस (सर्व्हर सांभाळतो ते थ्रेड) वापरा. मी मात्र याला तात्पुरता टेकूच म्हणेन.

प्रश्नकर्ता

ऑर्डरप्रोसेसर ईजेबी जारमध्ये हलवला, ते चाललं. आता वेब.वॉरमधल्या सर्व्हलेटमध्ये थेट @इंजेक्ट पेमेंटगेटवे केलं की पुन्हा १४०८. इथे तर ईजेबी जार दिसायला हवा ना?

उत्तर १

जार दिसतोय. इंटरफेसच दोन झालेले असावेत. जार टीएफ वेब.वॉर चालवा आणि वेब-इन्फ/लिबमध्ये कोअर.जार आहे का बघा. असेल तर वॉर स्वतःची प्रत आधी उचलतो, तर कार्डगेटवे ईएआरच्या लिबमधली प्रत इम्प्लिमेंट करतो. नाव एकच, पण क्लासलोडर वेगळे, म्हणजे जेव्हीएमच्या लेखी टाइपही वेगळे.

खात्री करायला सर्व्हलेटमध्ये पेमेंटगेटवे.क्लास.गेटक्लासलोडर() छापा. त्यात डिप्लॉयमेंट.शॉप.ईएआर.वेब.वॉर दिसलं तर हाच घोळ, डिप्लॉयमेंट.शॉप.ईएआर हवं. वॉरच्या पॉममध्ये (मेव्हनच्या बिल्ड फाइलमध्ये) कोअरला 'प्रोव्हायडेड' स्कोप द्या, म्हणजे ते वॉरमध्ये भरलं जाणार नाही, किंवा मेव्हन ईएआर प्लगिनमध्ये स्किनीवॉर्स 'ट्रू' करा. मग क्लीन बिल्ड घ्या, नाहीतर टार्गेटमधली जुनी प्रत तशीच राहते.

उत्तर ३

पुढे टेस्टसाठी @अल्टरनेटिव्ह (मूळ बीनऐवजी वापरायचा पर्यायी क्लास) लिहिणार असाल तर तेही याच नियमात बसतं. वॉरच्या बीन्स.एक्सएमएलमध्ये निवडलेला अल्टरनेटिव्ह फक्त त्या आर्काइव्हपुरता लागू होतो. @प्रायॉरिटी लावली तर तो सगळ्या ॲप्लिकेशनसाठी सुरू होतो, पण क्लास वॉरमध्ये असेल तर ईजेबी जारमधल्या इंजेक्शन पॉइंटला तो तरीही मिळणार नाही. अल्टरनेटिव्ह लिबमध्ये ठेवा.

आणि बीन्स.एक्सएमएलमधला 'ऑल' काढू नका. सीडीआय ४.० पासून रिकामी फाइल म्हणजे 'ॲनोटेटेड'. स्कोप न लिहिलेले साधे क्लास गुपचूप गळतात आणि एरर मात्र हाच दिसतो.