पुस्तकातले सी प्रोग्राम जीसीसीवर अडतात, पुस्तक बदलू का?

प्रश्न
पहिल्या वर्षाला सी आहे. पाठ्यपुस्तक टर्बो सी या डॉसवरच्या जुन्या कंपाइलरवर बेतलेलं, लॅबमध्ये मात्र उबुंटू लिनक्स आणि जीसीसी हा कंपाइलर. कोनिओ हेडर सापडत नाही म्हणून कंपाइलच होत नाही. ती ओळ आणि क्लिअर-स्क्रीन काढलं, तर संख्या घेतल्यावर 'पुन्हा करायचं का, वाय की एन' इथे प्रोग्राम न थांबता पुढे पळतो.

प्रतिसाद १
पुस्तक राहू द्या. कोनिओमधली फंक्शन्स डॉसची सोय होती, प्रमाण सीमध्ये ती नाहीत. गेटच, म्हणजे कळ दाबेपर्यंत थांबवणारं फंक्शन, असेल तर तेही काढा. व्हॉइड मेनच्या जागी इंट मेन लिहा.

न थांबण्याचं कारण वेगळं आहे. संख्येनंतर तुम्ही एंटर दाबता. इनपुट वाचणाऱ्या स्कॅनएफमधला टक्का-डी (पूर्णांकासाठी) संख्या उचलतो, एंटर बफरमध्ये, म्हणजे टाइप केलेलं साठतं त्या जागेतच राहतो आणि पुढचा टक्का-सी (एका अक्षरासाठी) तोच अक्षर म्हणून वाचतो. दुसऱ्या स्कॅनएफमध्ये अवतरण उघडल्यावर, टक्क्याच्या आधी, एक स्पेस द्या. बऱ्याच नोट्समध्ये हा बफर रिकामा करायला एसटीडीइन (कीबोर्डचं इनपुट) एफफ्लश करायला सांगतात. ते करू नका, प्रमाण सीमध्ये त्याचा परिणाम ठरलेला नाही.

प्रतिसाद २
छापलेलं आउटपुटही कधी जुळणार नाही. टर्बो सीमध्ये इंट २ बाइटचा, कमाल ३२७६७. म्हणून ८ चं फॅक्टोरियल (१ ते ८ चा गुणाकार) ४०३२० ऐवजी −२५२१६ दिसतं. तुमच्या जीसीसीवर इंट ४ बाइटचा, त्यामुळे १२ पर्यंत उत्तर बरोबर येईल, १३ ला बिघडेल.

प्रश्नकर्ता
स्पेस दिली, आता थांबतो. धन्यवाद! पण फॅरनहाइटचं सेल्सिअस करताना उत्तर कायम ० येतं.

प्रतिसाद १
५ भागिले ९ आधी लिहिलंय ना? दोन्ही पूर्णांक, म्हणून भागाकार ० आणि पुढचा गुणाकारही ०. ५.० लिहा.

प्रतिसाद ३
कंपाइल करताना डॅश-वॉल हा इशारे दाखवणारा पर्याय रोज लावा. स्कॅनएफमधला विसरलेला अँपरसँड किंवा इफमध्ये दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह, दोन्हींवर इशारा मिळतो.

आणि लूपचा प्रत्येक प्रोग्राम आधी वहीत ड्राय रन करा, म्हणजे हाताने एकेक फेरी चालवून किमती लिहा. ५२७ उलटा करायचा असेल तर तीन रकाने आखा: उरलेली संख्या, बाकी, उलटी संख्या. ५२, ७, ७. मग ५, २, ७२. मग ०, ५, ७२५. एवढं न बघता मांडता आलं की पुस्तक मिटून कोड लिहायला घ्या.