करार मोडणारे आपण, मग देव अजून बांधील कसा?

दस्तलेखिका_भांडुप

जय ख्रिस्त मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण थोडक्यात विचारला तर उत्तरही थोडक्यात मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

मी मुलुंडला एका वकिलांकडे दस्त तयार करते. लिव्ह अँड लायसन्स, विक्री करारनामे, बक्षीसपत्रं, अधूनमधून मृत्युपत्रं. दिवसभर डोळ्यासमोर दोन पक्ष असतात, लिहून देणार आणि लिहून घेणार. कोण काय देणार, कधी देणार, नाही दिलं तर काय, हे सगळं कलमवार. जागेच्या करारात अनामत असते, नोटिशीची मुदत असते. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दुप्पट शुल्क, ही तरतूद थेट 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यातच आहे.

माझी मुलगी सध्या दृढीकरणाच्या वर्गाला जाते, म्हणजे मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याच्या विधीची तयारी. तिने बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचा 31 वा अध्याय वाचला आणि विचारलं, "मम्मी, इस्राएलांनी करार मोडला असं देव स्वतःच म्हणतो. मग त्याने तो संपवला का नाही? तुझ्या ऑफिसात तर नोटीस गेली असती."

तिचं म्हणणं बरोबर आहे. माझ्या कामाच्या नजरेने बघितलं तर आणखीही अडतं. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे मोबदला नसेल तर करार साधारणपणे टिकतच नाही. देवाला आपण असा काय मोबदला दिला? काहीच नाही म्हणावं तर तो करार कसा? आणि देव काहीही झालं तरी बांधीलच राहणार असेल, तर माझी मुलगी मंडळीसमोर उभी राहून "होय" म्हणेल, त्या "होय"ला वजन काय?

"कृपा" एवढं सांगून कृपया थांबू नका. कृपेवर माझा जीव आहे. पण मला दस्त वाचायचा आहे.

गिरगावकर_वडील

ताई, जय ख्रिस्त. मी आमच्या मंडळीत वडील (एल्डर) आहे आणि बरीच वर्षं दृढीकरणाचा वर्ग घेतो. तुमच्या मुलीसारखा प्रश्न वर्गात आला की मला फार आनंद होतो, कारण करार ही गोष्ट पाठ करून घेण्याची नाहीच.

दस्त वाचायचा तर उत्पत्तीच्या 15 व्या अध्यायापासून वाचा. अब्राम (पुढचा अब्राहाम) देवाला विचारतो, तू वचन दिलेला हा देश मला मिळेल हे मी कशावरून समजू? म्हणजे तो पुरावा मागतो. देव त्याला तीन वर्षांची कालवड, शेळी, मेंढा, एक होला आणि पारव्याचं पिल्लू आणायला सांगतो. अब्राम जनावरं मधोमध कापून अर्धे भाग समोरासमोर मांडतो. पाखरं तो कापत नाही. गिधाडं येतात, त्यांना हाकलत बसतो. सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते. आणि मग अंधारात धुराची भट्टी आणि जळती मशाल, म्हणजे देवाच्या उपस्थितीची खूण, त्या तुकड्यांमधून जाते.

त्या काळी तुकड्यांमधून चालणं म्हणजे काय, हे यिर्मयाच्या 34 व्या अध्यायात उघड दिसतं. यरुशलेमच्या लोकांनी वासरू कापून, त्यामधून चालत जाऊन गुलामांना सोडण्याचा करार केला आणि नंतर त्याच माणसांना परत धरून आणलं. देव म्हणतो, तुम्हाला मी त्या वासरासारखं करीन. चालणारा स्वतःवर शाप ओढवून घेतो: मी शब्द मोडला तर माझी अशीच खांडोळी होवो.

आता अब्रामाकडे बघा. तो झोपलेला आहे. तुकड्यांमधून एकटा देव गेला. तुमच्या भाषेत, लिहून देणाराची सही आहे, लिहून घेणाराची नाही, आणि दंडाचं कलम लिहून देणाराने स्वतःच्याच अंगावर घेतलेलं आहे. ख्रिस्ती माणसाने वधस्तंभाचा विचार करण्यापूर्वी हा अध्याय पुन्हा पुन्हा वाचावा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

सीनायचं, म्हणजे मिसरातून सुटल्यावर मोशेच्या हातून त्या डोंगरापाशी झालेल्या कराराचं, निराळं आहे. तिथे दोन्ही पक्ष जागे आहेत. निर्गम 24 मध्ये मोशे अर्धं रक्त वेदीवर शिंपडतो, कराराचं पुस्तक वाचून दाखवतो, लोक म्हणतात आम्ही सर्व करू, आणि मग उरलेलं रक्त लोकांवर शिंपडलं जातं. ही पक्की दुहेरी बांधिलकी. पण कलमांचा क्रम बघा. निर्गम 20 मध्ये पहिल्या आज्ञेच्याही आधी एक वाक्य आहे: मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणणारा तुझा देव आहे. सुटका आधी झाली, अटी नंतर आल्या. लोकांनी आज्ञा पाळल्या म्हणून समुद्र दुभंगला नव्हता.

हत्तुशा या हित्ती राजधानीतल्या मातीच्या पाट्यांवर हित्ती राजांचे मांडलिकांशी केलेले जे तह सापडले, त्यांतही साधारण हाच आराखडा दिसतो. आधी महाराजाचं नाव, मग त्याने काय उपकार केले, मग अटी, दस्त मंदिरात ठेवणं, साक्षीदार, शेवटी शाप आणि आशीर्वाद. 1954 मध्ये जॉर्ज मेंडेनहॉल यांनी हे साम्य ठळकपणे मांडलं. बायबलमधलं "अनुवाद" नावाचं पुस्तक अश्शूरचा राजा एसर-हद्दोन याच्या इसवी सनपूर्व 672 च्या करारांना जास्त जवळचं आहे, असं मानणारेही अभ्यासक आहेत. कसंही असो, ऐकणाऱ्यांना ही पद्धत ओळखीची होती. उलथापालथ करणारी गोष्ट एवढीच की इथे महाराज म्हणजे खुद्द देव.

आता तुमच्या मुलीचा प्रश्न. करार फार लवकर मोडला. मोशे डोंगरावर असतानाच लोकांनी पूजेसाठी सोन्याचं वासरू ओतून घेतलं. देव म्हणतो, यांना संपवतो. नोटीस निघालीच होती म्हणा. तेव्हा मोशे काय बोलतो ते निर्गम 32:13 मध्ये वाचा. लोक चांगले आहेत, असं तो म्हणत नाही. पुढे सुधारतील असंही नाही. तो म्हणतो, अब्राहाम, इसहाक आणि इस्राएल यांना तू स्वतःची शपथ वाहून शब्द दिला आहेस, तो आठव. म्हणजे तो आधीचा दस्त पुढे करतो! प्रेषित पौलाने गलतीकरांना लिहिताना तिसऱ्या अध्यायात हाच मुद्दा मांडला आहे: 430 वर्षांनी आलेलं सीनायचं नियमशास्त्र आधी कायम झालेल्या कराराला रद्द करू शकत नाही.

म्हणून करार संपला नाही. मोडल्याचे परिणाम मात्र भोगावे लागले. अनुवाद 28 मध्ये आशीर्वाद 14 ओव्यांत आटोपतात आणि शाप 68 व्या ओवीपर्यंत चालतात. बाबेलने यरुशलेम जाळलं ते काही गोष्टीतलं नाही. पण लेवीय 26:44 बघा. ते शत्रूंच्या देशात असतानाही मी माझा करार मोडणार नाही, असं तिथे आधीच लिहून ठेवलं आहे.

दस्तलेखिका_भांडुप

काका, रात्री जेवणं झाल्यावर मुलीला उत्पत्ति 15 मोठ्याने वाचून दाखवलं. गिधाडं हाकलण्यापाशी ती थांबली. म्हणाली, अब्रामाने केलं ते एवढंच.

मोबदल्यावर विचार करताना मला कलम 25 आठवलं. मोबदल्याशिवाय करार टिकत नाही, पण त्याला अपवाद आहेत. पहिलाच अपवाद असा की जवळच्या नात्यातल्या माणसांमध्ये, नैसर्गिक प्रेमापोटी, लेखी आणि नोंदणी करून दिलेलं वचन कायद्याने बांधील ठरतं. इतकी वर्षं हे कलम आई-मुलगा, भाऊ-बहीण यांच्या कागदांसाठीच वापरलं. काल ते वाचताना डोळे भरून आले.

बक्षीसपत्राचंही तसंच. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 122 प्रमाणे देणगी विनामोबदला असते, पण घेणाऱ्याने ती स्वीकारावी लागते, तीही देणारा हयात असताना. स्वीकार म्हणजे किंमत चुकवणं नव्हे. विश्वास म्हणजे हा स्वीकार, असं धरलं तर चालेल का?

तरीही माझं "होय" अजून सुटलेलं नाही. बक्षीस घेतल्यावर घेणाऱ्यावर काही बंधन उरतं का?

नालासोपारा_साक्षी

ताई, प्रभूची स्तुती असो. काकांचं लिहिणं चांगलं आहे, पण मला काळजी वाटते. देव बांधील आहे एवढंच ऐकून माणसं सैल होतात. मी स्वतः दारू सोडून प्रभूकडे आलो, माझ्या गल्लीत असे किती तरी आहेत. त्यांना "तू काहीही कर, करार टिकतो" असं सांगणं म्हणजे त्यांना परत गुत्त्यावर पाठवणं आहे. इब्री लोकांस पत्राचं 10:29 वाचा. कराराचं रक्त तुच्छ मानणाऱ्याला मोशेच्या काळापेक्षा कडक शिक्षा म्हटली आहे. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) अयोग्य रीतीने घेतल्याने कित्येक आजारी पडले, असं पौलच लिहितो. करारात आग आहे. मुलीला हेही सांगा.

गिरगावकर_वडील

भाऊ, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. करिंथचं उदाहरण तर नेमकं आहे, कारण तिथला गुन्हा काय होता? पोटभर जेवलेले आधी खाऊन घ्यायचे आणि गरीब भाऊ उपाशी राहायचे. कराराच्या मेजावरच कराराचा अपमान.

ताई, स्वीकार म्हणजे विश्वास, हे मला पटतं. बंधनाबद्दल सवडीने लिहितो.

मांडवीकर_बेने_इस्राएल

शालोम ताई. मी ख्रिस्ती नाही, बेने इस्राएल म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातला आहे, मराठी घरातला. विषय आमच्या अब्राहामाचा निघाला म्हणून लिहितो. राग मानू नका.

गिरगावच्या काकांनी मांडलेलं बरंचसं मलाही मान्य आहे. एक गोष्ट मात्र नोंदवतो. यिर्मया 31 मधला नवा करार इस्राएलाच्या आणि यहूदाच्या घराण्याशी आहे, असं तिथे नावानिशी लिहिलं आहे. तुम्ही त्यात ख्रिस्ताला बघता, तो तुमचा विश्वास. पण आमचा करार संपून तुमचा सुरू झाला, असं कोणी शिकवलं तर मला ते लागतं.

बंधनाबद्दल तुम्ही विचारलंत. आमच्याकडे मुलगा आठ दिवसांचा झाला की ब्रित, म्हणजे सुंतेचा विधी, होते. जवळ एक खुर्ची एलियाहू हन्नावी (एलिया संदेष्टा) यांच्यासाठी रिकामी ठेवतात. बाळाने कशाला होकार दिला? अब्रामासारखंच, त्याला विचारतंय कोण. पण तो करारात जन्मभरासाठी आला. आमचे वाडवडील कोकणात तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. पिढ्यान्पिढ्या त्यांच्याकडे धर्मग्रंथ नव्हते. शब्बाथ (शनिवारचा विसावा), सुंता, शेमा ही प्रार्थना आणि खाण्यापिण्याचे काही नियम तेवढे राहिले होते. मांडवीचं शाअर हारहमीम सिनेगॉग उभं राहिलं ते 1796 मध्ये, त्याच्या किती तरी आधीची ही गोष्ट. शनिवारी घाणा बंद ठेवल्याने त्यांना कुठलाही देश मिळणार नव्हता. ते कोणाचे आहेत हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून घाणा बंद असायचा. बंधन म्हणजे मला हे वाटतं.

गिरगावकर_वडील

दादा, शालोम. तुमची सूचना मी आदराने घेतो. रोमकरांस पत्राच्या 11:29 मध्ये पौल इस्राएलाविषयीच लिहितो की देवाची कृपादानं आणि पाचारण मागे घेतली जात नाहीत. जो देव तुम्हाला दिलेला शब्द मोडेल, त्याने मला दिलेल्या शब्दावर मी तरी कसा विसंबू? वर्गात मी हे दर वर्षी सांगतो.

ताई, बंधनाचं लिहितो म्हणालो होतो. मोशेने सीनायपाशी वाचून दाखवलेलं कराराचं पुस्तक म्हणजे साधारण निर्गम 20 ते 23. ते उघडून बघा. त्यात उपासनेचं आहे, सणांचं आहे, पण किती तरी भाग शेजाऱ्याचा आहे. परदेशी माणसाला छळू नका, कारण मिसरात तुम्हीही परदेशी होता. विधवेला, अनाथाला गांजू नका. शत्रूचा चुकलेला बैल दिसला तर त्याच्याकडे पोचवा. आणि तुमच्या कामाला अगदी लागून असलेलं, 22:26 आणि 27: शेजाऱ्याचं पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत कर, त्याच्या अंगावर तेवढंच आहे, तो झोपेल कशात? त्याने माझ्याकडे हाक मारली तर मी ऐकेन, कारण मी कनवाळू आहे.

असं दंडाचं कलम मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. देणं देवाचं फेडायचं असतं आणि वसुली शेजाऱ्याच्या नावाने होते. यिर्मयाच्या वेळचे लोक नेमके इथेच नापास झाले, सोडलेले गुलाम परत धरून आणले. नालासोपाऱ्याच्या भावांनी ज्या आगीबद्दल लिहिलं ती आग इथे आहे.

प्रभूने शेवटच्या भोजनात प्याला घेऊन नवा करार म्हटलं, तेव्हा मेजावर त्याला धरून देणारा शिष्य यहूदा होता, आणि रात्र संपायच्या आत तीनदा नाकारणारा पेत्रही. लूकच्या 22 व्या अध्यायात प्याला आधी येतो आणि कोण मोठा यावरचं शिष्यांचं भांडण लगेच पुढे. त्या माणसांच्या भरवशावर तो करार केलेला नव्हता. पण पेत्राला नंतर किनाऱ्यावर काय सांगितलं गेलं? माझी मेंढरं पाळ. तुमच्या मुलीच्या "होय"चं वजन इथे शोधा.

दस्तलेखिका_भांडुप

काका, मांडवीकर दादा, नालासोपाऱ्याचे भाऊ, तिघांचेही मनापासून आभार. दादा, घाण्याची गोष्ट मुलीने दोनदा वाचायला लावली. भाऊ, आगीचं मी तिला सांगितलं, तुमच्याच शब्दांत.

निर्गम 24 वाचताना एक क्रम माझ्या लक्षात आला. आधी पुस्तक लोकांना ऐकू जाईल असं वाचलं, मग लोक "आम्ही करू" म्हणाले, मग रक्त शिंपडलं. आमच्याकडेही पक्षकाराला दस्त वाचून दाखवल्याशिवाय मी कधी सही घेऊ देत नाही, विशेषतः म्हाताऱ्या माणसांची. म्हणून पाळकसाहेबांना रविवारी विचारणार आहे की दृढीकरणाच्या आदल्या आठवड्यात मुलांना निर्गम 20 ते 23 सलग, मोठ्याने, एका बैठकीत वाचून दाखवता येईल का. तासाभरात सहज होईल. वाचायला मी तयार आहे. काका, गिरगावहून भांडुपला यायला जमलं तर त्यानंतर मुलांच्या प्रश्नांना तुम्ही उत्तरं द्याल का? यादी माझ्या मुलीकडे आत्ताच तयार आहे, आणि त्यात दावीदाला दिलेल्या वचनावर बरंच काही आहे.