रामोन्स वाजवताना मिनिटभरात हात भरून येतो, काय चुकतंय?

देवगड_गिटार: मंडळी, कॉलेजच्या गॅदरिंगसाठी रामोन्स या अमेरिकन पंक रॉक बँडची गाणी गिटारवर बसवतोय. कॉर्ड सोपे, तरी त्यांच्या ‘ब्लिट्झक्रीग बॉप’ गाण्याला मिनिटभरात हात भरून येतो, आवाजही गिचमिड. तारा पंधरवड्यात गंजतात. आणि इतकं साधं वाजवणाऱ्या बँडचं एवढं नाव का?

तीन_कॉर्ड: त्यांचा गिटारिस्ट जॉनी रामोन सगळे फटके खालच्या दिशेनेच मारायचा. लय मिनिटाला साधारण १७५ मात्रा, मात्रेला दोन फटके, म्हणजे मिनिटाला ३५०. खाली-वर वाजवलंत तर हात वाचेल, पण करवतीसारखा सलग आवाज जाईल, आणि या गाण्यांचा जीव त्यातच आहे. जोर कोपरातून लावलात तर हात भरणारच. फटका मनगटातून मारा, पिकचं (तार छेडायच्या पातीचं) फक्त टोक तारेला लागू दे. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) १२० वर ठेवून दोन मिनिटं न थांबता जमलं की पाच-पाचने वाढवा. गिटारचा पट्टा जॉनीसारखा खाली सोडू नका, निदान सरावात तरी.

गिचमिड होतं ते जास्तीच्या डिस्टॉर्शनमुळे (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट). ते अर्ध्यावर आणा, अ‍ॅम्पवरचा मिड (मधल्या पट्टीचा आवाज) वाढवा. रामोन्सच्या पहिल्या अल्बममध्ये बेस एका बाजूला आणि गिटार दुसऱ्या बाजूला आहे. एकच इअरफोन लावून नुसती गिटार ऐका, यासारखा गुरू नाही.

मालवणी_ड्रम: बरोबर आसा. ड्रमरलाही सांगा: हाय-हॅटवर (झांजांच्या जोडीवर) मात्रेला दोन, स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, मध्ये रोलची सजावट नको. लय पळाली की सगळ्यात आधी गिटारवाल्याचा हात मोडतो.

खारा_वारा: तारा वरून पुसून भागत नाही. घाम आणि खारी हवा तारेच्या खालच्या बाजूला बसते. सुकं सुती कापड तारेखालून घालून एकेक तार पुसा. गिटार भिंतीवर टांगू नका, केसमध्ये सिलिका जेलसह (ओल शोषणाऱ्या पुड्यांसह) ठेवा. कोटेड (संरक्षक लेप दिलेल्या) तारा महाग, पण इथे परवडतात.

तीन_कॉर्ड: नावाचं राहिलं. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एकत्र आलेली ही चार पोरं. १९७६ चा पहिला अल्बम १४ गाण्यांचा, २९ मिनिटांचा, खर्च सुमारे ६,४०० डॉलर. लांबलचक गिटार सोलोंच्या (एकट्याने वाजवायच्या तुकड्यांच्या) त्या काळात यांनी सोलो जवळजवळ काढूनच टाकले. त्याच वर्षी ४ जुलैला लंडनच्या राउंडहाउस सभागृहात वाजवलं, आणि तिथल्या नव्या पंक पोरांना दिसलं की उस्तादी येईपर्यंत थांबायची गरज नाही. १९९६ पर्यंत २,२६३ कार्यक्रम केले. तो पहिला अल्बम अमेरिकेत ‘गोल्ड’ (पाच लाख प्रतींचा टप्पा) ठरला तो थेट २०१४ मध्ये. मूळ चौघांपैकी तेव्हा एकटा ड्रमर टॉमी हयात होता, तोही त्याच वर्षी जुलैत गेला.