रोज बाळगायला आणि ड्यूटीवर जुनं सिंगल-स्टॅक (एकेरी रांगेच्या मॅगझीनचं) १९११ पिस्तूल कितपत भरवशाचं?

हिलकंट्री_सांगलीकर

नमस्कार मंडळी. मूळचा सांगलीचा, आता टेक्सासमध्ये स्थायिक. सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी काउंटीच्या शेरीफ खात्यात रिझर्व्ह डेप्युटी, म्हणजे राखीव पोलीस, म्हणून काम करतो. सासरे इथलेच, सैन्यातून निवृत्त झालेले. या वर्षी त्यांनी त्यांचं .४५ इंची गोळीचं १९११ पिस्तूल (१९११ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेल्या रचनेचं) माझ्या हवाली केलं. पाच इंची बॅरल, सगळं पोलादी, १९८० च्या दशकातलं. सोबत चार जुनी मॅगझीन, प्रत्येकी सात गोळ्यांची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच त्यावरच वाद सुरू व्हायचा.

ड्यूटीवर सध्या माझ्याकडे ग्लॉक १७ आहे, सतरा गोळ्यांचं. काही तक्रार नाही. पण माझा पंजा लहान आहे आणि दुहेरी रांगेच्या मॅगझीनमुळे त्याची मूठ मला जाडच पडते. १९११ ची मूठ सडपातळ, चाप सरळ मागे येतो, आणि माझ्या गोळ्या त्याने जास्त जवळजवळ बसतात. खात्याच्या मंजूर यादीत .४५ चं १९११ आहे, त्याची वेगळी चाचणी द्यावी लागेल एवढंच.

रेंजवर जे दिसलं ते असं. २३० ग्रेन वजनाच्या साध्या गोल नाकाच्या गोळ्या बहुतेक व्यवस्थित चालतात. हॉलो पॉइंट (नाकात खळगा असलेल्या गोळ्या) घातल्या की मधूनच एखादीचं नाक खाली रॅम्पवर, म्हणजे गोळी बॅरलमध्ये चढते त्या उतारावर, अडकतं आणि स्लाइड (वरचा सरकणारा भाग) अर्धवट थांबते. शेवटच्या गोळीला अडकण्याचं प्रमाण जास्त. आणि झाडलेल्या गोळीची रिकामी केस (पुंगळी) उजवीकडे जायच्या ऐवजी कधी कधी थेट कपाळावर येते.

विचारायचं ते हे, की असं जुनं सिंगल-स्टॅक पिस्तूल एरवी कमरेला बाळगायला भरवशाचं मानावं का? आणि ड्यूटीवर?

मेधा_शिकागो

मी इथे इलिनॉयमध्ये बरीच वर्षं रेंजवर प्रशिक्षक होते, म्हणून ड्यूटीपुरतं बोलते.

एकेरी मॅगझीन म्हणजे ड्यूटीला कमी, असं सरसकट म्हणू नका. आमच्या इलिनॉय स्टेट पोलिसांनी १९६७ मध्ये स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ३९ घेतलं, तेव्हा एवढ्या मोठ्या पोलीस दलाने रिव्हॉल्व्हर सोडून नऊ एमएमचं ऑटोमॅटिक घ्यायची देशातली ती पहिली वेळ होती. त्यात आठ गोळ्या. सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरवर वाढलेल्या माणसाला ती मोठी सोय वाटली, कारण भरणंही झटपट व्हायचं.

माझी काळजी निराळी आहे. सांगलीकर, तुम्ही शनिवारी ग्लॉक आणि रविवारी १९११ असं करणार असाल तर कृपा करून करू नका. ग्लॉकला अंगठ्याने काढायचं सेफ्टी नाही. १९११ घोडा चढवून, सेफ्टी वर करून बाळगतात, आणि ते सेफ्टी उपसतानाच खाली दाबावं लागतं. शांतपणे उभं राहून ते जमतं. धावत आलेल्या, घाबरलेल्या माणसाचा अंगठा तेच करतो जे त्याने रोज केलंय. चाप ओढत राहिलेली आणि पिस्तूल का उडत नाही हे न कळलेली माणसं मी प्रशिक्षणात पाहिली आहेत. पिस्तुलाचा भरवसा मोजताना धरणाऱ्याच्या हाताची सवयही त्यात मोजा. एक काय ते ठरवा आणि ड्यूटी असो नसो, तेच ठेवा.

उद्यमनगर_ते_सॅनअँटोनियो

भावा, मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात लेथवर काम शिकलो आणि आता सॅन अँटोनियोत बंदूक दुरुस्तीच्या दुकानात फिटर-गनस्मिथ आहे. १९११ हा माझा रोजचा भाकरीचा विषय आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

पहिलं म्हणजे पिस्तुलाच्या नावावर भरवसा ठेवायचा नसतो आणि नावावरून तो काढूनही घ्यायचा नसतो. मार्च १९११ मध्ये अमेरिकन सैन्याने शेवटची परीक्षा घेतली, तेव्हा ब्राउनिंगच्या (१९११ च्या रचनाकाराच्या) एका पिस्तुलातून सहा हजार गोळ्या झाडल्या. शंभर झाल्या की पाच मिनिटं थंड करायचं, हजार झाल्या की साफ करून तेल. तापलं की पाण्यात बुडवायचे. एकदाही अडकलं नाही. समोर सॅव्हेजचं पिस्तूल होतं, ते सदतीस वेळा थांबलं. २९ मार्चला ब्राउनिंगचं सैन्याने स्वीकारलं आणि १९८५ मध्ये बेरेटाचं पिस्तूल येईपर्यंत ते अधिकृत राहिलं. त्यामुळे 'जुनी रचना, अडकणारच' असं कोणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं.

पण ती परीक्षा कशावर झाली ते बघ. नवी स्प्रिंग, नवी मॅगझीन आणि गोल नाकाची पूर्ण आवरणाची गोळी. तुझ्याकडचं पिस्तूल चाळीस वर्षांचं, मॅगझीन किती जुनी देव जाणे, आणि गोळी वेगळ्याच आकाराची. तू सांगितलेल्या तिन्ही खुणा वेगवेगळ्या जागच्या आहेत, त्या एकात मिसळू नकोस.

शेवटची गोळी अडकते ती मॅगझीनपायी. शेवटच्या गोळीपर्यंत स्प्रिंग सर्वात सैल झालेली असते, ती गोळीला वेळेवर वर ढकलत नाही. चारही मॅगझीनच्या तळाला पक्क्या शाईने क्रमांक टाक. प्रत्येक अडथळा कुठल्या क्रमांकात, कितव्या गोळीला, हे वहीत लिही. माझ्याकडे येणारी निम्मी 'बिघडलेली' पिस्तुलं या वहीनेच बरी होतात. मॅगझीनचे वरचे ओठ (गोळी धरणाऱ्या कडा) वाकलेले असतील तर पक्कडीने सरळ करत बसू नकोस, ते मॅगझीन सरावाच्या पेटीतही नको, सरळ टाकून दे. नवी घे. आठ गोळ्यांची मॅगझीन मिळतात, त्यातली काही उत्तम आहेत, पण सातच्याच नळीत आठवी बसवताना काहींनी स्प्रिंगचे वेढे कमी केलेले असतात. तुला शंका नको असेल तर सातचीच घे.

कपाळावर येणारी केस म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, केस ओढून काढणारा आकडा. १९११ चा एक्स्ट्रॅक्टर स्लाइडच्या आत असतो, लांब, एकाच पट्टीचा, आणि स्वतःच स्प्रिंगचं काम करतो. आधुनिक पिस्तुलात तिथे वेगळी स्प्रिंग असते, ती जाते तेव्हा दहा मिनिटांत बदलता येते. इथे पट्टीचा बाक हाताने जुळवावा लागतो. पिस्तूल रिकामं करून, दोनदा बघून, स्लाइड उतरव, बॅरल काढ. ड्रिल काडतूस घे, खरं घेऊ नकोस. त्याची कड एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली सरकव आणि स्लाइड हळू हलव. काडतूस धरून राहिलं पाहिजे. गळून पडलं तर ताण गेला. दगडासारखं घट्ट बसलं आणि सरकवायलाच जोर लागला तर ताण जास्त, मग नवी गोळी वर चढताना तिथेच अडेल. हे जुळवणं शिकता येतं, पण ड्यूटीच्या पिस्तुलावर शिकू नकोस.

आता हॉलो पॉइंट. १९११ मध्ये गोळी आधी फ्रेमच्या रॅम्पवर चढते आणि मग बॅरलच्या. त्या दोहोंत बारीकशी फट असते, पाऊण मिलिमीटरच्या आसपास, आणि ती असायलाच हवी. जुन्या पिस्तुलांची ही वाट गोल नाकासाठीच घासलेली. रुंद तोंडाची हॉलो पॉइंट तिथे ठेचकाळते. उपाय दोन. गोल नाकाच्या जवळ जाणाऱ्या आकाराची हॉलो पॉइंट शोध, तशा मिळतात. नाहीतर गनस्मिथकडून बॅरलचं तोंड उघडून घे. घरी फिरत्या ग्राइंडरने रॅम्प चकचकीत करायचा मोह प्रत्येकाला होतो. त्या नादात ती फट गेली की फ्रेम कायमची वाया. अशा फ्रेमवर मी नुसता हात फिरवून परत देतो, कारण करण्यासारखं काही उरत नाही.

रोज बाळगण्याबद्दल बोलायचं तर, हे तीन प्रश्न सुटले आणि जी गोळी बाळगणार तीच, ज्या मॅगझीनमधून बाळगणार त्यांतूनच, दोनशे तरी विनाअडथळा गेल्या, तर बेलाशक बाळग. हॉलो पॉइंट महाग आहेत हे मला माहीत आहे. तरी हा खर्च टाळू नकोस. आणि पाच इंचीच ठेव. पातळ कपड्यात लपवायला सोपं म्हणून लोक तीन इंची १९११ घेतात. त्यात स्लाइडला मागे जायला जागा कमी, स्प्रिंग जास्त कडक, मॅगझीनला गोळी वर आणायला वेळ कमी. ब्राउनिंगने पाच इंचांचं गणित जुळवलं होतं, ते तिथे राहत नाही. चालणारी तीन इंचीही आहेत, पण ती लाडावलेली राहतात.

ड्यूटीचं उत्तर देताना मी कडक आहे. १९११ ड्यूटीवर कोणी कोणी टिकवलं ते बघ. मरीन कोअरच्या खास तुकड्यांसाठी क्वांटिको तळावरचे आर्मरर (दलाचे हत्यार-दुरुस्तीवाले) जुन्या फ्रेमवर हाताने पिस्तुलं बांधत. एफबीआयच्या होस्टेज रेस्क्यू टीमने (ओलीस सोडवणाऱ्या तुकडीने) १९९० च्या दशकाच्या शेवटी ते घेतलं, लॉस एंजेलिस पोलिसांच्या स्वाट या खास तुकडीने २००२ मध्ये. इथले टेक्सास रेंजर (राज्याचे खास पोलीस) तर ते अभिमानाने मिरवतात. यातल्या खास तुकड्यांच्या पाठीशी स्वतःचे आर्मरर उभे असत, माणसं खंडीभर गोळ्या झाडत आणि सुटे भाग ठरल्या वेळी बदलले जात. तुझ्या खात्यात १९११ जुळवणारा आर्मरर आहे का, हे आधी विचार. नसेल तर ते काम तुझ्या गळ्यात, कायमचं. ग्लॉकला हे लाड लागत नाहीत. म्हणूनच ते तुझ्या खात्याला परवडतं.

नेकर_काठचा_नेमबाज

श्टुटगार्टहून. इथे सामान्य माणसाला पिस्तूल बाळगायचा परवाना जवळजवळ मिळतच नाही, मी फक्त क्लबात क्रीडा नेमबाजी करतो. पण सिंगल-स्टॅक म्हणजे १९११ च असं धरून चाललंय म्हणून लिहितो.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या हल्ल्यानंतर पश्चिम जर्मनीच्या पोलिसांनी नव्या पिस्तुलाच्या अटी घातल्या, त्यातून तीन निवडली गेली. वाल्थर पी५, सिग पी६ आणि हेक्लर उंड कोख पी७. तिन्ही नऊ एमएम, तिन्ही एकेरी रांगेची, आठ गोळ्यांची. माझ्याकडे पोलिसांतून निवृत्त झालेलं पी६ आहे. घोडा खाली, बाहेरचं सेफ्टी नाही, पहिला चाप लांब आणि जड. त्याच्या घोड्याच्या टोकाला एक खाच मुद्दाम ठेवलेली आहे. पिस्तूल घोड्यावर पडलं तर ते टोक वाकतं आणि आर्मररला लगेच कळतं. ड्यूटीच्या हत्याराचा विचार करणाऱ्या माणसांचं काम ते! मूठ सडपातळ हवी असेल आणि एवढं जुळवाजुळवीचं काम नको असेल तर सांगलीकरांनी या घराण्याकडे बघावं. फक्त सुरुवातीची पी६ साध्या गोल गोळीसाठी केलेली होती, त्यामुळे हॉलो पॉइंटचा प्रश्न तिथेही तपासावा लागेल.

निवृत्त_आर्मरर_खडकी

सैन्याच्या ईएमई (यंत्र-दुरुस्ती) शाखेतून हवालदार आर्मरर म्हणून निवृत्त, आता पुण्यात. आमचं पिस्तूल ईशापूरचं नऊ एमएम १ए, ब्राउनिंग हाय-पॉवरच्या वळणाचं, मॅगझीन दुहेरी रांगेचं, तेरा गोळ्यांचं. म्हणजे तुमच्या विषयाबाहेरचं. पण कोल्हापूरच्या भाऊंनी मॅगझीनबद्दल लिहिलंय त्याला माझी पूर्ण साक्ष. कोतात (शस्त्रागारात) पिस्तूल 'स्टॉपेज देतंय' म्हणून आलं की मी आधी मॅगझीन बदलून बघायचो, पिस्तुलाला हात नंतर.

तेलाबद्दल कोणी लिहिलं नाही. १९११ ला स्लाइडच्या खोबणीत तेल लागतं, ते कोरडं ठेवायचं हत्यार नाही. पण टेक्सासमध्ये धूळ असणार. राजस्थानात आम्ही बघितलंय, जास्त तेल घातलं की वाळूचा लगदा होतो. खोबणीत आणि बॅरलच्या पुढच्या तोंडाला पातळ थर, बाकी ठिकाणी चिंधीने पुसून घ्यायचं. कमरेला लावलेलं पिस्तूल झाडलं नाही तरी दर आठवड्याला पुसा. घामाने आतला भाग गंजतो, आणि कापसाचे तंतू घोड्याजवळ गोळा होतात. मॅगझीनच्या आत मात्र तेल अजिबात नको.

हिलकंट्री_सांगलीकर

सगळ्यांचे आभार. मेधाताई, तुमचं म्हणणं पटलं. ड्यूटीवर ग्लॉकच राहील. खात्यात विचारलं, आमच्या आर्मररचं प्रशिक्षण फक्त ग्लॉकचं आहे. आणि हाताची सवय एकच हवी, म्हणून एरवीही तेच कमरेला ठेवीन. १९११ रेंजवर आणि स्पर्धेला.

मॅगझीनला क्रमांक टाकले. शेवटच्या गोळीचे सगळे अडथळे दोन आणि चार क्रमांकात निघाले. ड्रिल काडतूस एक्स्ट्रॅक्टरखाली ठेवलं तर लगेच गळून पडलं. कोल्हापूरकर दादा, पिस्तूल तुमच्याकडे घेऊन आलो तर चालेल का? आणि रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे आणणारी) जास्त कडक घातली तर फ्रेमला मार कमी बसेल असं रेंजवर एकजण म्हणाला, ते खरं का?

उद्यमनगर_ते_सॅनअँटोनियो

ये की, खुशाल ये. चारही मॅगझीन आणि ती वही आण. पिस्तूल रिकामं, पेटीत.

कडक स्प्रिंगचं ऐकू नकोस. पाच इंची .४५ ला सोळा पौंडांचीच घाल. जास्त कडक घातलीस तर स्लाइड मागे जाताना मार थोडा कमी होईल, पण पुढे येताना ती जास्त जोराने आपटेल, आणि मॅगझीनला गोळी वर आणायला वेळ मिळणार नाही. म्हणजे जो प्रश्न आपण सोडवतोय तोच परत. दोन-तीन हजार गोळ्यांनी ती बदलत जा. सोबत फायरिंग पिनची (गोळीवर ठोका देणाऱ्या पिनची) स्प्रिंगही बदल. तुझ्या पिस्तुलात फायरिंग पिन अडवणारा ब्लॉक आहे की नाही ते मी उघडून बघतो. नसेल, तर पिस्तूल हातातून पडल्यावर पिनला मागे धरणारी ती एकटीच असते.