३ फेब्रुवारी आणि मुंबई: दिनविशेषासाठी माहिती हवी आहे

प्रश्न:
आमच्या वाचनालयातील फळ्यावर दिनविशेष लिहिण्याचे काम माझ्याकडे असते. ३ फेब्रुवारीसाठी मुंबईच्या दोन नोंदी आहेत: १९२५ साली विजेवर चालणारी पहिली गाडी धावली आणि १९२८ साली सायमन कमिशन (भारतातील राज्यकारभाराच्या सुधारणांचा आढावा घेण्यासाठी ब्रिटिश सरकारने नेमलेला आयोग) शहरात उतरले. या घटना एकेका ओळीत उरकाव्यात असे वाटत नाही. त्यांच्याविषयी आवर्जून काय लिहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १:
विजेवरची ती गाडी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची होती आणि व्हिक्टोरिया टर्मिनसहून आजच्या हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत गेली. विजेमुळे धूर गेला, एवढेच बहुतेक ठिकाणी लिहिलेले असते; पण खरा फरक शेवटच्या स्थानकावर पडला. वाफेची गाडी तेथे पोहोचली की इंजिन सोडवायचे आणि दुसऱ्या टोकाला इंजिन जोडायचे, तोवर फलाट अडलेला. विजेच्या गाडीला दोन्ही टोकांना चालकाची केबिन असल्याने मोटरमन फलाटावरून चालत पलीकडे गेला की तीच गाडी परत निघू शकते. शिवाय ती वेगही चटकन घेते, त्यामुळे जवळजवळच्या स्थानकांवर थांबणे परवडते. दर काही मिनिटांनी लोकल सोडणे यामुळेच शक्य झाले, हे अवश्य लिहा. त्या दिवशी वापरलेली १५०० व्होल्टची डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाची) पद्धत हार्बर मार्गावर २०१६ पर्यंत टिकली, हेही प्रवाशांना वाचायला आवडेल.

उत्तर २:
सायमन कमिशनविषयी लिहिताना त्याच्या निषेधाचा हरताळ आणि काळे झेंडे यांच्याबरोबर स्वातंत्र्यसैनिक युसुफ मेहेरअली यांचे नाव विसरू नये. ‘सायमन, गो बॅक’ ही घोषणा त्यांचीच मानली जाते. तेव्हा ते अवघे चोवीस वर्षांचे होते आणि पुढे १९४२ साली मुंबईचे महापौर झाले. कमिशनच्या सातही सदस्यांत एकही भारतीय नव्हता. कमिशन ब्रिटिश संसदेच्या सदस्यांचेच असल्याने भारतीयांना त्यात जागा नाही, असे कारण देण्यात आले होते. परंतु त्याच वेळी मुंबईत जन्मलेले शापुरजी सकलातवाला लंडनमधील बॅटरसी नॉर्थ मतदारसंघातून निवडून आलेले खासदार होते. भारतीयांना वगळणे हा जाणूनबुजून केलेला अपमान होता, हे यावरून माझ्या मते पुरेसे स्पष्ट होते.

उत्तर ३:
वरील माहितीला एक जोड द्यावीशी वाटते. कमिशनवर बहिष्कार सर्वांनीच घातला होता, असे मात्र फळ्यावर लिहू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा या अस्पृश्यांच्या उन्नतीसाठी स्थापन केलेल्या संस्थेच्या वतीने कमिशनला निवेदन दिले आणि ऑक्टोबर १९२८ मध्ये पुण्यात त्याच्यासमोर साक्षही दिली. अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांची मागणी जेथे अधिकृतपणे नोंदवली जाईल, तेथे ती मांडलीच पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. जागा कमी पडली तर हरताळाचे वर्णन आटोपते घ्यावे, परंतु ही नोंद गाळू नये.