संगीताचा उगम देवाकडे असेल, तर हलगी-ढोलकी चर्चबाहेर का?

जालन्याची लेक

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या एका उज्जीवन सभेत वक्त्यांनी सांगितलं की ढोलकी तमाशातली, हलगी जत्रेतली, म्हणून ही वाद्यं उपासनेत नकोत. कीबोर्ड आणि गिटार मात्र चालेल. तरुण पोरं आमेन म्हणून घरी गेली. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून इथे मांडते.

माझी श्रद्धा अशी की संगीत माणसाच्या आधीचं आहे. ईयोबाच्या 38 व्या अध्यायात देव विचारतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? आणि पुढे सांगतो, त्या वेळी पहाटेचे तारे मिळून गात होते, देवपुत्र जयजयकार करत होते. आदामाचा तेव्हा पत्ताही नव्हता. सफन्या 3:17 मध्ये तर देव स्वतः आपल्या लोकांवरच्या आनंदाने गातो. प्रकटीकरणात सिंहासनापुढे नवं गीत चालू आहे. सुरुवातीला गाणं, शेवटीही गाणं. आपण मधेच येतो आणि चाललेल्या गाण्यात आपला सूर मिळवतो.

हे खरं असेल तर कुठलं लाकूड, कुठलं कातडं जन्मतः अपवित्र कसं ठरेल? फादर स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आले आणि ख्रिस्तपुराण त्यांनी ओवीत लिहिलं, 1616 साली ते छापलं गेलं. ना. वा. टिळकांनी अभंग लिहिले, आजही आपण ते टाळ-पेटीवर म्हणतो. ओवी आणि अभंग आत येऊ शकतात, मग ज्या तालावर आमच्या आजोबा-पणजोबांची बोटं चालली तोच ताल दाराबाहेर का?

आणि हे फक्त वाद्यांपुरतं नाही. जालन्याजवळच्या बेथेल या ख्रिस्ती वस्तीपासून खेड्यापाड्यांपर्यंत आमची बहुतेक ख्रिस्ती घरं मातंग आणि महार समाजातून आलेली. हलगी आमच्या रक्तातली. आमच्या मंडळीतले एक वृद्ध काका हलगी वाजवायच्या आधी काट्याकुट्यांचा जाळ करून तिचं तोंड शेकतात, मधूनमधून बोटाने टिचकी मारून बघतात, आवाज खणखणीत झाला की मगच उचलतात. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. नाताळच्या फेरीत त्यांनी वाजवली की रस्त्यावरची लेकरं चालता चालता पाय टाकायला लागतात. या माणसाला मी कसं सांगू की तुझ्या हातातलं कसब देवाचं नाही?

वचनातच राहा (बीड)

ताई, प्रभूमध्ये सलाम. तुमची कळकळ समजते, पण शास्त्र पूर्ण वाचा. उत्पत्ति 4:21 प्रमाणे तंतुवाद्यं आणि वायुवाद्यं वाजवणाऱ्यांचा मूळपुरुष युबाल. तो कुणाच्या वंशातला? काइनाच्या, ज्याने भावाचा खून केला. युबालाचा एक भाऊ तंबूत राहणाऱ्या गुराख्यांचा मूळपुरुष, दुसरा तांब्या-लोखंडाची हत्यारं करणारा. त्याच रांगेत वाद्यं येतात. म्हणजे ती माणसाची करामत आहे, स्वर्गातून उतरलेली नाहीत.

दानीएल 3 काढा. नबुखद्नेस्सराच्या सोन्याच्या मूर्तीपुढे लोकांनी लोटांगण घालायचं ते कशाच्या इशाऱ्यावर? शिंग, बासरी, वीणा वाजल्यावर. आमोस 5:23 मध्ये देव म्हणतो, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर न्या. संगीत देवाचंच असतं तर देव असं बोलला असता का?

मंडळीचा इतिहासही बघा. पहिल्या शतकांतल्या मंडळीच्या पुढाऱ्यांनी वाद्यांना विरोध केला, कारण ती नाटकशाळांत आणि मूर्तींच्या मेजवान्यांत वाजायची. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बहुतेक ठिकाणी आजही वाद्याविना गातात. स्वित्झर्लंडचा धर्मसुधारक झ्विंगली स्वतः अनेक वाद्यं वाजवणारा माणूस, तरी 1520 च्या दशकात त्याने झुरिखच्या चर्चमधलं संगीत थांबवलं. ही माणसं अडाणी नव्हती.

आणि आपल्या गावचं बोला. हलगी सुरू झाली की काय होतं? पालखी निघते, बायांच्या अंगात येतं, पोतराज कोरडे मारून घेतो. त्यातून बाहेर पडून प्रभूकडे आलेल्या माणसाच्या कानावर तोच ठेका पडला तर त्याचं काय होईल? पौल म्हणतो, माझ्या खाण्याने भाऊ अडखळत असेल तर मी ते मांस कधीच खाणार नाही. मी दुर्बळ भावाच्या बाजूने बोलतोय.

पैठणचा टाळकरी

ताई, तुमचं वाचून मन भरून आलं. पण तुम्ही एक पायरी खालीच थांबायलात असं वाटलं. आम्ही नाथांच्या गावचे. टाळ-मृदंग लागला की आम्हाला तो देवाने दिलेला वाटत नाही, तो देवच वाटतो. आपल्याच मराठवाड्यात, देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता, 13 व्या शतकात. त्याने संगीतरत्नाकरात नादालाच ब्रह्म म्हटलं, त्याची उपासना करतो म्हणून सांगितलं. आघाताने ऐकू येणारा नाद वेगळा आणि आघाताशिवायचा, योग्याला कळणारा अनाहत नाद वेगळा, असंही त्याने मांडलं. तुमचे तारे गायले म्हणता, ते आम्हाला अनाहताच्या जवळचं वाटतं. मग देणारा आणि देणगी हे दोन कशाला करायलात? एकच माना की.

दुसरं, वाद्याला जात-धर्म लावू नका. आमच्या दिंडीत पेटी असते ती कुठून आली? 1840 च्या सुमारास पॅरिसला ते वाद्य घडलं, साहेबाच्या अन् मिशनऱ्यांच्या सोबत इकडं आलं. पेटीबिगर भजन आज कुणाला सुचत नाही.

जालन्याची लेक

टाळकरी दादा, पेटीचं तुम्ही नेमकं सांगितलंत. पण दोनाचं एक मला करता येत नाही, आणि त्यात आमच्या श्रद्धेचा गाभा आहे. आम्ही मानतो की देवाने सगळं निर्माण केलं आणि तो स्वतः त्या निर्मितीतला नाही. सूर्य त्याचा, पण सूर्य देव नाही. सूरही तसाच. सूर देव असता तर अंगावर काटा आला की देव भेटला असं धरून चालावं लागलं असतं. संत अगस्तीनला नेमकी हीच भीती होती. मिलानच्या चर्चमधली गाणी ऐकून तो रडला होता, आणि पुढे आत्मनिवेदन या पुस्तकात त्याने लिहिलं की शब्दांपेक्षा गाण्याचीच मोहिनी जास्त पडली तर ते पाप आहे. तरी गाणं चर्चमध्ये राहावं याच बाजूला तो झुकला.

वचनातच राहा दादा, युबालाबद्दल. मूळपुरुष म्हणजे निर्माता असं कुठे लिहिलंय? त्याचा भाऊ धातूचा कारागीर, पण लोखंड त्याने निर्माण केलं नव्हतं, ते जमिनीत होतं. त्याच लोखंडाने पुढे नांगर झाला आणि तलवारही. काइनाच्या घरातही देवाने ही देणगी पोचवली, याचं मला उलट नवल वाटतं. मंदिरात तेच झालं. 1 इतिहास 25 मध्ये आसाफ, हेमान, यदूथून यांच्या हाताखाली 288 शिकलेले गवई नेमलेत. दावीद वीणा वाजवायचा तेव्हा शौलाला आराम पडायचा. अलीशा संदेष्ट्याने तर देवाचा संदेश मिळण्याआधी वाजवणारा बोलावून घेतला. युबालाची वाद्यं इतकी वाईट होती तर ती तिथे कशी पोचली?

खर्जातला गंधार (छत्रपती संभाजीनगर)

मी गाणं शिकवतो. श्रद्धेचा आदर आहे, पण उगमाचा प्रश्न विचारलाय म्हणून लिहितो. तंबोऱ्याला चार तारा. पंचमाची एक, जोडाच्या दोन, खर्जाची म्हणजे खालच्या सा ची एक. गंधाराची, म्हणजे ग स्वराची, तार नसते. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेची गुंज, नीट लावली की खर्ज छेडताना गंधार ऐकू येतो. आम्ही त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. कारण सोपं आहे. तार पूर्ण लांबीत थरथरते तेव्हाच अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या हिश्श्यांतही थरथरते. पाचव्या हिश्श्याचा तो गंधार. यात देव आणण्याची मला गरज दिसत नाही.

आणि माणूस हे फार आधीपासून चाचपडतोय. जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत गिधाडाच्या हाडाची बासरी मिळाली, 35 हजार वर्षांहून जुनी. भोकं माणसाने पाडलीत. कुठे पाडायची ते त्याच्या कानाने ठरवलं. ज्या पेटीबद्दल बोलताय तिचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा थोडा चढा असतो, कारण सप्तकाचे बारा सारखे भाग केलेत. आकाशवाणीने 1940 पासून तीसेक वर्षं पेटी दूर ठेवली, त्यामागे ही तक्रारही होती. आपल्याला आता तो चढा गंधारही सुरेल वाटतो. म्हणजे सवय माणसाची, निवड माणसाची.

जालन्याची लेक

सर, स्वयंभू गंधाराचं वाचून मला तर माझ्याच बाजूचा साक्षीदार मिळाल्यासारखं वाटलं. तारेत गंधार आधीच आहे, जवारी लावणाऱ्याने तो फक्त मोकळा केला. सा रे ग म स्वर्गातून छापून आले असं मी म्हणत नाही. बारा भाग करणं, सवय लागणं, हे सगळं माणसाचं. पण तार हिश्श्याहिश्श्यांत थरथरते हा नियम कुणी केला? तुम्ही म्हणाल तो आपोआप आहे. मी म्हणते कुणीतरी सूर लावून ठेवलाय. यापुढे तुम्ही आणि मी दोघंही पुराव्याच्या पलीकडे जातो, ते मला मान्य आहे.

निळी पहाट (नांदेड)

सगळं वाचलं. तारे गायले, तारा थरथरल्या, पण हलगीवाल्याचं काय झालं ते कुणी लिहिलं नाही.

ताई, तुम्ही लिहिलंत की हलगी आमच्या रक्तातली. ती रक्तातली नव्हती, गळ्यात मारलेली होती. लग्न असो, मयत असो, जत्रा असो, निरोप आला की जायचं आणि वाजवायचं. देवळाच्या बाहेर उभं राहून. मोबदला म्हणजे शिळी भाकरी नाहीतर पसाभर धान्य. नाही म्हटलं तर गावाचा बहिष्कार. मेलेली ढोरं ओढणारे, कातडं कमावणारे आणि वाजवणारे आम्हीच, आणि ते कातडं ताणलेलं वाद्य ऐकून नाचणारे दुसरे. बाबासाहेबांनी ही गावकामं सोडायला सांगितली आणि आमच्या वडीलधाऱ्यांनी 1956 च्या आगेमागे कितीतरी गावांत वाजवणं बंद केलं. मार खाल्ला, उपाशी राहिले, पण टिपरू हातात धरलं नाही. आता तुम्ही येऊन म्हणता हे कसब देवाचं दान आहे. मग सोडणाऱ्यांनी देवाचं दान टाकलं का? जे माणसावर लादलं त्याला वरून आलेलं म्हणायची रीत आम्ही हजारो वर्षं भोगलीय.

मी संगीताच्या विरोधात नाही. आंबेडकरी शाहीर वामनदादा कर्डकांची गाणी ऐकत मोठा झालो, आमच्या जयंतीला ढोलकी असतेच. पण ते संगीत आमच्या माणसांनी आपल्या हिकमतीवर उभं केलं. त्याचं श्रेय वर पाठवू नका.

जालन्याची लेक

दादा, ज्यांनी टिपरू खाली ठेवलं त्यांनी देवाचं दान टाकलं असं मी कधीच म्हणणार नाही. बाबेलमध्ये कैदेत नेलेल्या यहुद्यांना मालक म्हणाले, सियोनेचं एखादं गाणं गाऊन दाखवा. त्यांनी वीणा झाडाला टांगून ठेवल्या. स्तोत्र 137 आहे ते. हुकमावर गायला नकार देणं बायबलमध्ये लाजेचं नाही, ते स्तोत्रात जपून ठेवलंय. तुमच्या वडीलधाऱ्यांनी तेच केलं.

पण हुकूम गावाचा होता, ताल गावाचा नव्हता. बलुत्याची सक्ती माणसाने केली, तिला मी देवाची म्हणणार नाही. बोटांतली लय देवाची, असं मात्र म्हणेन, आणि म्हणूनच गावाला ती पसाभर धान्यात विकत घ्यायचा हक्क नव्हता. आमचे काका आज कुणाच्या निरोपावर जात नाहीत. चर्चच्या आत, वेदीच्या शेजारी बसून वाजवतात. तुम्हाला ते पुरेसं वाटणार नाही, मला ते फार मोठं वाटतं.

निळी पहाट (नांदेड)

137 वं स्तोत्र माहीत नव्हतं. वाचलं. वीणा टांगणाऱ्यांबद्दल आदर वाटला. तरी माझं मत तेच आहे: काका आत बसले कारण काका आणि त्यांच्यासारखे लढले.

वचनातच राहा (बीड)

ताई, माझा दुर्बळ भाऊ अजून तिथेच आहे. त्याचं उत्तर तुम्ही दिलं नाही. एवढं मात्र कबूल करतो, तो नियम लावायचा तर गिटारलाही लावावा लागेल. व्यसनातून सुटून आलेल्या शहरातल्या पोराला गिटारही तेच जुने दिवस आठवून देईल. वक्त्यांनी एकाच बाजूची यादी सांगितली ते बरोबर नव्हतं.

जालन्याची लेक

दादा, पौलाचं ते वचन मीही मानते. म्हणून त्या भावाला विचारूनच करायचं. आमच्या मंडळीत पोतराजाचं काम सोडून आलेलं एक कुटुंब आहे. त्यांच्या घरी कॉटेज मीटिंग, म्हणजे घरगुती प्रार्थनासभा, असते तेव्हा हलगी नेत नाही, नुसती पेटी आणि झांज असते. हे वडीलजनांनी ठरवलं आणि काकांनीही आनंदाने मानलं.

आमोसाचं राहिलं. 23 व्या वचनात देव गाणी नाकारतो आणि 24 व्यात कारण देतो: न्याय पाण्यासारखा वाहू द्या. त्याच पुस्तकात गरिबाला पायतणाच्या जोडापायी विकणारे लोक आहेत, आणि हस्तिदंती पलंगावर पडून वीणेवर गाणारेही. देवाने वीणेला दोष दिला नाही, गरिबाला लुटून गाणाऱ्याला दिला. हे आपल्या बीड-जालन्यात नाताळला फार लागू पडतं, कारण तेव्हा आपली निम्मी माणसं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली असतात. वक्त्यांनी कुठल्या वाद्यावर गाता हे विचारलं. त्यांची उचल फिटली का, हेही त्यांनी विचारायला हवं होतं.

नाताळच्या फेरीला यंदा ढोलकी राहणार, हे आमच्याकडे ठरलंय. हलगीचं काका आणि ते कुटुंब मिळून ठरवतील, इतरांनी त्यात बोलायचं नाही.