झोपडी कुणी मोडली? प्रजा समाजवादी पक्ष आणि मधल्या वाटेचं मरण

नौपाडेकर

आमची इमारत पुनर्विकासाला चाललीय. रविवारी टेम्पो येणार, त्याआधी माळा रिकामा करायचा. काल आजोबांची (आईच्या वडिलांची) पत्र्याची ट्रंक उघडली, तर तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेलं एक पावतीपुस्तक. प्रजा समाजवादी पक्ष, सभासद वर्गणी. या पक्षाचं निवडणूक चिन्ह झोपडी. झोपडीवाल्यांचं पुस्तक टॉवरच्या निमित्ताने बाहेर पडावं, हा विनोद आजोबांना आवडला असता.

नव्या पिढीसाठी थोडक्यात. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत जयप्रकाश, लोहिया, अशोक मेहता यांचा समाजवादी पक्ष आणि आचार्य कृपलानींचा किसान मजदूर प्रजा पक्ष वेगवेगळे लढले. दोघांची मतं मिळून १६ टक्क्यांच्या वर, खासदार २१. सप्टेंबर १९५२ मध्ये दोघे एक झाले, तोच प्रसप. १९५७ला १९ खासदार, १९६२ला १२, १९७१ला दोन. वीस वर्षांत खेळ खलास.

लोक म्हणतात, आपापसात भांडून संपले. मला हे फार सोपं उत्तर वाटतं. भांडणं कुठल्या पक्षात नसतात? काँग्रेस काय भजनी मंडळ होतं? माझ्या मते प्रसपचा माल उचलला गेला. जानेवारी १९५५, मद्रासजवळच्या आवडी गावातलं अधिवेशन. काँग्रेसने 'समाजवादी धर्तीची समाजरचना' हे ध्येय ठरवून टाकलं. आता कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात जे मिळत होतं तेच समोरच्या मोठ्या दुकानात मिळायला लागलं, वर तिथे सत्तेचं वाटपही होतं. मग गिऱ्हाईक कुठे जाणार? मागोमाग दुकानदारही गेले. अशोक मेहता १९६३ला नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, पुढच्या वर्षी काँग्रेसवासी. महाराष्ट्रात तर विरोधकांना आपल्यात ओढण्याचं, यशवंतराव चव्हाणांचं बेरजेचं राजकारण होतंच. बेरीज त्यांची, वजाबाकी आमची, असं आजोबा म्हणायचे.

मधल्या पक्षाचा विचार दुसरे उचलतात आणि पक्ष मरतो. याला मी हार मानत नाही. तुमचं मत?

ऐरोलीवाली

दादा, माल चोरीला गेला ही हरलेल्याची समजूत झाली. आकडे बघा. १९५२ला कम्युनिस्टांना जेमतेम ३.३ टक्के मतं आणि १६ खासदार. तुमच्या दोघांना मिळून त्याच्या पाचपट मतं आणि खासदार २१! कम्युनिस्ट काही भागांतच घट्ट होते. समाजवाद्यांनी मात्र पातळ आमटी सगळ्या देशाच्या पानात वाढली. आपल्याकडे ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून येतो, बाकीच्यांची मतं वाया. या पद्धतीत दुसऱ्या क्रमांकाला कुणी उत्तेजनार्थ बक्षीस देत नाही.

ही पद्धत आपण ज्यांच्याकडून घेतली त्यांच्याकडचं उदाहरण देते. ब्रिटनमध्ये १९८१ला मजूर पक्षातले रॉय जेनकिन्स, डेव्हिड ओवेन, शर्ली विल्यम्स आणि बिल रॉजर्स बाहेर पडले, सोशल डेमोक्रॅटिक पक्ष काढला आणि लिबरल पक्षाशी युती केली. १९८३ला युतीची मतं २५.४ टक्के, जागा २३. मजूर पक्षाची मतं २७.६ टक्के, जागा २०९! दोन टक्क्यांचा फरक आणि हा निकाल. १९८८ला दोघांचं विलीनीकरण झालं. ओवेन मात्र जुनी पाटी लावून बसले आणि १९९०च्या एका पोटनिवडणुकीत त्यांचा उमेदवार मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पार्टी नावाच्या निव्वळ टिंगल करणाऱ्या पक्षाच्या मागे पडला. मग पाटी उतरली.

पण गंमत पुढे आहे. त्याच कुळातले लिबरल डेमोक्रॅट २०२४ला १२.२ टक्के मतांवर ७२ जागा घेऊन आले. मतं निम्म्याहून कमी, जागा तिप्पट. कारण जिथे जिंकता येतं तिथेच जीव ओतला. मधली वाट मरत नाही, ती कुठे चालायची ते कळावं लागतं. प्रसपला हे कोकणातल्या राजापूर मतदारसंघात कळलं होतं. १९५७पासून तीनदा नाथ पै, नंतर पाचदा मधू दंडवते. हेच आणखी पंचवीस ठिकाणी का नाही केलं?

घोडबंदरी

एवढं लांब कशाला जायचं? मनसे बघा. २००६ला जन्म, २००९ला १३ आमदार, २०१४ला एक, २०१९ला एक, २०२४ला भोपळा. तिसरा म्हटला की असाच. आधी टाळ्या, मग डिपॉझिट जप्त.

नौपाडेकर

घोडबंदरी, मनसेला मध्यममार्गी म्हटलेलं मनसेवाल्यांनाच चालणार नाही. विषय काँग्रेस आणि कम्युनिस्ट यांच्या मधल्या पक्षाचा चाललाय.

जुना सेवादली

वय ७९. राष्ट्र सेवा दलात वाढलो, आता मुक्काम कोपरखैरणे. मध्यममार्गी हा शब्द ऐकला असता तर नौपाडेकर, तुमचे आजोबा त्या ट्रंकेतून उठून बसले असते. आम्ही स्वतःला डावे समजत होतो. काँग्रेस आणि कम्युनिस्ट यांच्या मधोमध उभे होतो हे खरं. पण मधोमध उभं राहणं आणि मधल्या मताचं असणं यात अंतर असतं. असो.

भांडणांचं तुम्ही फार पटकन उडवून लावलंत. मी ती जवळून पाहिली. सुरुवात त्रावणकोर-कोचीनपासून, म्हणजे आजच्या केरळच्या बऱ्याचशा भागापासून. १९५४ला तिथे प्रसपचे १९ आमदार, काँग्रेसचे ४५. तरी मुख्यमंत्री आमचे, पट्टम थानू पिल्लै, काँग्रेसच्या पाठिंब्यावर. त्या सरकारच्या पोलिसांनी आंदोलकांवर गोळीबार केला. माणसं मेली. लोहिया म्हणाले, राजीनामा द्या. लोकांवर गोळ्या झाडणारं सरकार समाजवाद्यांचं असूच शकत नाही. लोहिया बरोबर होते. आणि ते बरोबर असल्यामुळेच पक्ष फुटला. वर्षभरात तेही बाहेर आणि सरकारही गेलं. जयप्रकाश तर त्याआधीच जीवनदान करून, म्हणजे आयुष्य वाहून, विनोबांच्या भूदान चळवळीत गेले होते.

१९६४ला लोहियांच्या पक्षाशी एकी झाली, संयुक्त समाजवादी पक्ष (संसोपा) निघाला. वर्षही झालं नाही तोवर प्रसपवाले वेगळे. एसेम (एस. एम. जोशी) संसोपात, नानासाहेब गोरे प्रसपमध्ये. दोघे जन्माचे मित्र, दोघे पुण्याचे! कुणाच्या सभेला खुर्च्या मांडायच्या हेच आम्हा पोरांना कळेना. तेव्हा परळला राहायचो. प्रचाराला चाळीत गेलो तर एका मावशीने विचारलं, "तुमचं ते वडाचं झाड की झोपडी?" मी म्हटलं, झोपडी. "मग झाडवाले कोण?" म्हटलं, तेही समाजवादीच. मावशी म्हणाली, "आधी घरात ठरवा, मग दारात या." त्यावर उत्तर नव्हतं. अजून नाही.

आणि १९६८. मुंबई महापालिकेला प्रसपने शिवसेनेशी युती केली. सेना तेव्हा दोन वर्षांचं पोर. १४० पैकी ४२ जागा सेनेने घेतल्या. आम्ही वशिला लावायला गेलो आणि नवरदेव तेच झाले. मी त्या निवडणुकीत पत्रकं वाटली नाहीत. मतदानालाही गेलो नाही. आयुष्यात तेवढं एकच मत बुडवलं.

ऐरोलीवाली

काका, तुमच्या मावशींनी सगळा धागा एका ओळीत संपवला.

नौपाडेकर

१९६८बद्दल आजोबा काही बोलायचे नाहीत. विषय निघाला की चष्मा पुसायला घ्यायचे. तेवढं मान्य करतो. पण काका, क्रम बघा. आवडी १९५५, लोहिया बाहेर १९५५. भांडायची वेळ का आली? काँग्रेसशी कसं वागायचं यावरूनच ना? म्हणजे मूळ दुखणं काँग्रेसने आपली भाषा उचलली हेच. घर आतून फुटलं, पण भिंतीला धक्का शेजाऱ्याचा होता.

जुना सेवादली

धक्का होता. भिंतही मातीची होती.

उरणकर

तुम्हा ठाणे-नवी मुंबईकरांच्या चर्चेत खाडीपलीकडचा आमचा शेतकरी कामगार पक्ष कुणाला आठवत नाही. शेकापचंही तेच झालं होतं. संस्थापकांपैकी केशवराव जेधे १९५४ला काँग्रेसमध्ये परत. माल उचलला, माणसं उचलली. तरी रायगडात पक्ष पुढे कितीतरी वर्षं खासदार-आमदार निवडून देत राहिला. का? कारण त्याचं भांडण ठाम होतं. जमीन. सिडको नवी मुंबईसाठी जमिनी घेत होती तेव्हा दि. बा. पाटील उभे राहिले, जानेवारी १९८४ला जासईला गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. जिथे तुमचे सेक्टर आहेत त्या जमिनीला भाव मिळाला, साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली, ती त्या लढ्यामुळे.

पक्ष भांडणावर जगतो. इकडचं थोडं, तिकडचं थोडं, यावर क्लब चालतो.

ऐरोलीवाली

पण शेकाप मध्यममार्गी कुठे होता? उघड मार्क्सवादी होता की.

उरणकर

ताई, तेच तर सांगतोय.

ऐरोलीवाली

बरं, हा मुद्दा घेते, पण पूर्ण नाही. लिबरल डेमोक्रॅटांचं २०१० आठवा. ५७ खासदार घेऊन हुजूर पक्षाबरोबर सत्तेत बसले. निवडणुकीआधी त्यांच्या उमेदवारांनी लेखी वचन दिलं होतं की विद्यापीठाची फी वाढू देणार नाही. सरकारात गेल्यावर फीची मर्यादा नऊ हजार पौंडांवर गेली. माझा भाऊ तेव्हा तिकडे शिकत होता. त्याच्या घरातली इंग्रज पोरं हुजूर पक्षाला शिव्या देत नसत, यांना देत. त्यांच्याकडून तीच अपेक्षा होती, यांच्याकडून नव्हती. २०१५ला ५७चे आठ झाले. मोबदल्यात मतमोजणीची पद्धत बदलण्यावर सार्वमत मिळवलं होतं, तेही २०११ला ६७.९ टक्के लोकांनी फेटाळलं. तेलही गेलं, तूपही गेलं. पट्टम पिल्लै आणि हे, गोष्ट एकच. दुसऱ्याच्या मांडीवर बसून राज्य केलं की मांडीवाल्याचं पाप आपल्या नावावर चढतं.

मात्र पुढच्या नऊ वर्षांत आठचे ७२ झाले हेही विसरू नका. तिथे पक्ष टिकला, म्हणून परतला. आपल्याकडे १९७७ला समाजवादी जनता पक्षात विरघळले, मग जनता दल, मग त्याचे तुकडे. परतायला दुकानच उरलं नाही.

घोडबंदरी

मघाशी मी चेष्टेत लिहिलं, आता खरं सांगतो. आमचं मूळ गाव राजापूर तालुक्यात. ऐरोलीवाली, तुम्ही म्हणता तिथे पक्षाने जीव ओतला. आमच्या आजीला पक्ष ठाऊकच नव्हता. ती नाथ पैंना मत द्यायची आणि ते गेल्यावर दंडवते सरांना. १९७१ला प्रसप, १९७७ला जनता, १९८९ला जनता दल. चिन्हं बदलली, आजीचं मत बदललं नाही. सर रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली, हा तिचा समाजवाद. मुंबईहून गाडीने आलेल्या पाहुण्याला ती आधी विचारायची, पाठ दुखली का?

१९९१ला सर हरले. राजापुरात त्यांच्यामागे तसं कुणी उभं राहिलं नाही. म्हणजे तो पक्षाचा किल्ला नव्हताच, दोन माणसांची पुण्याई होती. ती पंचवीस ठिकाणी कशी छापणार?

ऐरोलीवाली

याला माझ्याकडे उत्तर नाही. विचार करते.

उरणकर

गादीसुद्धा भांडणच हो. पहिल्या वर्गाला मऊ आणि आम्हाला लाकूड का, हे विचारणारा कुणी तरी लागतो.

जुना सेवादली

नौपाडेकर, एक विचारायचं राहिलं. त्या पावतीपुस्तकातल्या किती पावत्या फाडलेल्या आहेत?

नौपाडेकर

आत्ता मोजल्या, काका. शंभरातल्या तेवीस. शेवटच्या अर्ध्या पावतीवर आजीचं नाव आहे. वर्गणी भरल्याचा शेरा नाही.

जुना सेवादली

आमच्याकडेही असंच होतं. रविवारी सकाळी आठला गडकरी रंगायतनसमोर येतो. टेम्पोवाल्याला नऊ सांगा. ते पुस्तक रद्दीत घालू नका, आणि जमलं तर ती ट्रंकही दाखवा.